हवेचे आप्पा

आमचे मामंजी हवा चाखून बघत. सकाळी तोंड धुऊन झालं की ते ओट्याच्या पायरीवर उभे राहत, डोळे मिटत, तोंड जरासं उघडत आणि ताकाची चव बघावी तशी हवा जिभेवर घेत. मग निकाल देत. "आज गोड हाय." किंवा, "आज जरा जड हाय, पर उन्हं वर आली की निवळंल." हा निकाल ऐकायला कुणी ना कुणी लागे. शेणाची पाटी घेऊन निघालेली बाई असो, स्टेशनमास्तर असो, त्याला थांबवून ऐकवल्याशिवाय ते चहाला आत येत नसत. गावानं त्यांना हवेचे आप्पा म्हणायला सुरुवात केली ती मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी. त्यांचं कागदावरचं नाव विचारलं असतं तर निम्म्या गावाला सांगता आलं नसतं.

मी बोरगावची. निपाणीकडचा तो उघडा मुलूख. काळी जमीन, तंबाखू, चैत्र-वैशाखात वावटळी. पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा मी बेळगावच्या खालच्या अंगाला, मलप्रभेच्या खोऱ्यातल्या या गावात सून म्हणून आले. चारी बाजूंनी टेकड्या, मधे वाटीच्या तळाशी गाव, एका कडेनं नदी आणि दुसऱ्या कडेनं रेल्वे. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे पांघरूण ओढावं लागे. पहिल्या वैशाखात मला याचं इतकं नवल वाटलं की मी ते बोलून दाखवलं, आणि तिथंच चुकले. मामंजींना त्या दिवसापासून बोरगावची थट्टा करायला निमित्तच मिळालं. "तुज्या गावची हवा पोत्यात भरली तर खत म्हणून जाईल बग," असं ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

मला उत्तर देता येत नसे. आमच्या जैन घरात सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते माजघराच्या दाराआड राहून, आणि तेही तिसऱ्याच्या खांद्यावरून. माझा थोरला पाळण्यात होता तोवर मी त्याच्या नावानं बोलून घेत असे. "बाळ, आजोबांना सांग, बोरगावच्या मातीत पिकलेली ज्वारी खाऊनच तुझी आई एवढी झाली." मामंजीही पाळण्याकडे बघूनच उत्तर देत. "बाळ, तुज्या आईला म्हणावं, ज्वारी चांगली हाय, पर शिंकून शिंकून खावी लागती." असं आमचं भांडण वर्षानुवर्षं त्या पोराच्या डोक्यावरून चाले, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही ते आवडे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात मोठ्या आवाजात बोलणारं माणूस म्हणजे मामंजीच. आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की बापापुढं बोलायची वेळ आली की घसा खाकरत अंगणात निघून जायचे.

हवेच्या खालोखाल मामंजींचा दुसरा अभिमान म्हणजे गावाची सोय. ती ते हात पसरून दाखवत. "हिकडं बेळगाव, सकाळच्या गाडीनं जावा, काम करून दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. हिकडं धारवाड, हुबळी. घाट उतरला की कोकण, नारळ घ्या, मीठ घ्या. नंदगडचा बाजार तर बैलालासुदिक पाठ हाय, गाडीवान झोपला तरी चालतंय." मग बोट वर करून शेवटचं वाक्य यायचं. "हवा आन् सोय देव एका जागी देत न्हाय. म्हाबळेश्वराला हवा हाय, पर जायाचं कसं? हुबळीला सोय हाय, पर ऱ्हायाचं कसं? दोनी एकत्र असल्यालं गाव एकच."

त्यांची धान्याची अडत स्टेशनच्या समोर होती. आमच्या स्टेशनात इंजिनाला पाणी भरत, त्यामुळं गाडी जरा जास्त वेळ थांबे. तेवढ्या वेळात मामंजी अडत सोडून फलाटावर जात आणि डब्याच्या खिडक्यांपाशी फिरत. कुणाचा चेहरा ओढलेला दिसला, कुणी खोकताना दिसलं, की तिथं थांबत. "खाली उतरा जरा. नाकानं वडा. कसं वाटतंय?" माणूस बिचारा गाडी सुटेल या भीतीनं एक पाय पायरीवर ठेवून श्वास घेई. मामंजी त्याला आपला पत्ता सांगत, म्हणत, दिवाळीनंतर या, चार महिने राहा, खोल्या रिकाम्याच आहेत. एकदा मी माहेरी निघाले होते. ह्यांनी मला डब्यात बसवलं आणि मामंजी निरोप द्यायला येतील म्हणून मी खिडकीतून बघत राहिले, तर ते पुढच्या डब्यापाशी एका अनोळखी गृहस्थाला खोल श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी मला हात केला, पण तोंड त्या गृहस्थाकडेच होतं.

आणि लोक खरंच येत. घराच्या मागच्या अंगाला, नदीच्या उताराकडे तोंड करून दोन खोल्या होत्या. पश्चिमेला मोठ्या खिडक्या. हवापालटाला आलेली माणसं तिथं राहत. दमेकरी, तापातून उठलेली, बाळंतपणात खंगलेली, आणि अर्थातच छातीची दुखणी असलेलीही. भाड्याचं नाव काढलेलं मामंजींना खपत नसे. "हवेचं भाडं घ्यायला ती काय माज्या बापानं आणून ठिवलीया?" त्यांचं जेवण आमच्याच चुलीवरचं, आमच्याच भांड्यात. ह्या भांड्यांवरून मी एकदा पाळण्याला बरंच काही सांगितलं होतं. खोकणाऱ्या माणसाचा पेला-थाळी निराळी असावी, एवढंच माझं म्हणणं. मामंजी थट्टा करायच्या सुरात बोलले नाहीत. "येगळं भांडं दिल्यावर तो पाव्हणा कसला? तो आपल्या दारात आजारी म्हणून येतोय, अपराधी म्हणून न्हाय." पाणी गाळून पिणारं, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारं ते घर. तिथं माणसाला दूर ठेवायचं हे कुणाला पटणार होतं. भांडी एकच राहिली.

पावसाळा मात्र त्यांच्या बोलण्यात कधी नसायचा. मृग निघाला की आमच्या खोऱ्यात जो पाऊस लागे तो दसऱ्यापर्यंत हलत नसे. घाटावरून वारा त्याला आडवा घेऊन यायचा आणि सरळ पश्चिमेच्या भिंतींवर मारायचा. भिंती मातीच्या. म्हणून वैशाख संपता संपता सगळं गाव पश्चिमेच्या अंगाला वाळल्या गवताच्या तट्ट्या बांधून घेई, छपरापासून जमिनीपर्यंत, खिडक्यांसकट. चार महिने घराचं ते अंग आंधळं व्हायचं. मीठ विरघळायचं, धोतरं शेगडीवर वाळवायची, भिंतीला हात लावला तर हात ओला. पाहुण्यांना मामंजी अक्षय्य तृतीया झाली की गाडीत बसवून देत, त्यामुळं त्यांच्यापैकी कुणाला हे कधी कळलं नाही. मी पाळण्याकडून विचारून घेतलं, की तुमची हवा आता कुठं गेली? मामंजी म्हणाले, "बाळ, हवाबी माणसावाणीच. चार म्हैनं निजती."

अशा पाहुण्यांत एका वर्षी निपाणीकडचे एक मास्तर आले. काडीसारखं शरीर, गालात खड्डे, पण डोळे हसरे. माझ्या मुलखातले म्हणून मलाही त्यांचं अगत्य वाटे. मामंजींची धाकटी लेक रत्ना तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचं लग्नाचं बोलणं चाललं होतं. मास्तरांची खोली झाडायची, त्यांना दूध नेऊन द्यायचं, हे तिच्याकडे होतं. मास्तर तिला वाचायला शिकवत. ती पुस्तक घेऊन खाटेजवळ बसे आणि मास्तर खोकला थांबला की पुढचं वाक्य सांगत. शिमग्यापर्यंत मास्तरांच्या अंगावर मांस आलं. मामंजींना आकाश ठेंगणं झालं. ते त्यांना बाजारातून मिरवत नेत. "आल्ते तवा सदरा खुंटीला अडकवल्यावाणी दिसायचा. आता बगा." वैशाखात मास्तर स्वतःच्या पायानं चालत स्टेशनवर गेले.

पुढच्या दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की मास्तर श्रावणात गेले. ओट्यावर बसलेल्या मामंजींनी ते ऐकलं. बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "परत जाया नगं हुतं त्यांनी. तिकडच्या धुळीनं घात केला." माझा भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

त्या हिवाळ्यात रत्नाला संध्याकाळचा ताप येऊ लागला. आधी कसर वाटायची, अंगावर शहारा, मग गाल लाल. मग खोकला आला. मामंजींनी तिला मागच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीखाली, मास्तर ज्या खाटेवर असत त्याच खाटेवर झोपवलं. दुसऱ्याच्या पोरांना जे देत आलो ते आता आपल्या पोरीला द्यायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. दूध, तूप, खजूर, आणि दिवसभर उघडी खिडकी. हिवाळा संपला, शिमगा झाला. मास्तर जसे भरत गेले तशी रत्ना भरली नाही. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. मुलाकडच्या लोकांनी लग्नाचं बोलणं हळूच आवरतं घेतलं.

शेवटी ह्यांनी मनाचा हिय्या केला आणि तिला बेळगावला डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले ते घसा खाकरत. डॉक्टरांनी क्षय सांगितला होता. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले होते, पण पावसाच्या आत हिला या खोऱ्यातून काढा, कोरड्या जागी न्या. खोऱ्यातली ओल हिला सोसायची नाही. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. "डागदर बेळगावचा," ते म्हणाले. "त्याला बेळगावची हवा ठावं." आणि ते उठून अडतीवर गेले.

मी दोन दिवस वाट बघितली. ह्यांच्याकडून काही होणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी जेवून ओट्यावर बसले होते. मी माजघराचा उंबरा ओलांडून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. पाळण्यातलं पोर आता धावण्याएवढं झालं होतं, आणि जवळच खेळत होतं. त्याला मी मधे घेतलं नाही.

"मामंजी, रत्नाला माझ्या माहेरी पाठवा. तिकडं पाऊस थोडा, ऊन कोरडं. माझी आई करंल तिचं सगळं."

ते दचकले. मी डोक्यावर पदर घेऊन, पण त्यांच्या तोंडाकडं बघत बोलत होते. मला वाटलं ते ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "लांबलांबची माणसं हितं बरी व्हायला येत्यात, आन् मी माजी पोर बरी व्हायला भाईर न्यायची? लोकं काय म्हंतील?"

"लोकांनी काय म्हणायचं ते म्हणूदेत. पोर तुमची हाय."

 यावर ते जे बोलले ते त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिच्या आईच्या येळंलाबी डागदर असंच म्हणालते. हितं ठिवू नगा, लांब मोठ्या दवाखान्यात न्या. नेली मी. ती म्हणत हुती, मला घरी जायाचंय, मागच्या खिडकीत बसायचंय. मी म्हनलो, बरी हो, मग जाऊ. तितंच गेली, परक्याच्या भिंतीकडं तोंड करून." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तवा ऐकलं लोकांचं. आता न्हाय ऐकायचं. हितंच ठिवली असती तर ती वाचली असती, सूनबाई. ह्या हवेत वाचली असती."

 इतकी वर्षं ज्याला मी म्हाताऱ्याची हौस समजत होते त्याच्या मुळाशी हे होतं. फलाटावर अनोळखी माणसांना हाताला धरून उतरवणं, फुकट खोल्या, एकच भांडी, सगळं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि तो राग मी गिळला नाही. "मामंजी, सासूबाईंचं दुखणं निराळं असंल. ह्या पोरीचा पावसाळा हितं निघायचा न्हाय," असं म्हणून मी आत गेले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी सरळ बोलू लागलो, म्हणजे जवळजवळ बोलेनासे झालो.

वैशाख सरला. तट्ट्या बांधायला गडी आले. पश्चिमेची बाकीची भिंत झाकून ते रत्नाच्या खोलीपाशी आले तेव्हा मामंजी आडवे आले. "हितं नगं. हवा अडतीया."

गडी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की हे थट्टेनं चाललेलं नाही. "आप्पा, मातीची भित हाय. पाऊस मारंल."

"मारूदे. म्या बगतो काय ते."

गावात पिढ्यान् पिढ्या कुणी ती भिंत उघडी ठेवली नव्हती. ज्यांना दोन वेळचं खायला नाही तेही शेजाऱ्याकडून गवत मागून आणून तट्ट्या बांधत. मृग लागला आणि पाऊस घाटावरून खाली आला. मामंजींनी अडतीवर जाणं कमी केलं. जोराची सर आली की ते घोंगडं घेऊन खिडकीवर धरून उभे राहत, सर ओसरली की काढत, म्हणजे रत्नाला हवा मिळावी. खिडकी वाचायची, भिंत कशी वाचणार? तळापासून ती काळी होत वर चढली. एकदा मी कोपऱ्यात बोट लावून बघितलं तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. मी ते ह्यांना दाखवलं. ह्यांनी मामंजींना सांगितलं. हे त्यांनी आयुष्यात एकदाच केलं. मामंजी म्हणाले, "आषाढ सरूदे. उघडीप पडंल." रत्ना त्या खाटेवर दोन घोंगड्या घेऊन पडून असे आणि मला म्हणे, "वैनी, आप्पांना काय बोलू नगंस. त्यांचा जीव थाऱ्यावर न्हाय."

आषाढातल्या एका दुपारी मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचे केस कित्येक दिवस दमट होते, चुलीपाशी बसवून ते मोकळे करावेत म्हटलं. मी फणी घेतली एवढ्यात मागं आवाज झाला. मोठा धडाका नव्हे, ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. जाऊन बघते तर पश्चिमेची भिंत खिडकीसकट आत बसली होती. खाट मातीखाली होती. वरून पाऊस थेट खोलीत पडत होता आणि पलीकडं नदीचा सगळा उतार दिसत होता.

मामंजी ओट्यावर होते. ते धावत आले, दारात क्षणभर थांबले आणि चिखलात गुडघे टेकून हातांनी माती उपसायला लागले. मी म्हटलं, "मामंजी, ती हितं हाय. माज्यापाशी हाय." त्यांना ऐकू गेलं नाही. उपरणं गळून पडलं होतं, नखांतून रक्त येत होतं, आणि तोंडानं ते काहीतरी बोलत होते, ते मला कळत नव्हतं. रत्ना भिंत धरत धरत दारापर्यंत आली. "आप्पा," ती म्हणाली. "मी हितं हाय की."

ते तसेच बसून राहिले. मग वळून त्यांनी तिच्याकडं बघितलं. मोकळे केस, फटफटीत चेहरा, पायावर चिखल. त्यांनी तिला हात लावला नाही. हात मातीनं भरले होते. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "सूनबाई, तुज्या गावाला जायाला गाडी कंची?"

त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. बेळगावला मुक्काम, दुसऱ्या दिवशी निपाणीपर्यंत मोटार, तिथून बैलगाडी. सगळ्या वाटेत मामंजी रत्नाला घोंगड्यात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. निपाणी आली तसा पाऊस मागं राहिला. बोरगावात तर रस्त्यावर धूळ बसण्याएवढंच शिंपण झालं होतं, आणि आईच्या सोप्यात ऊन आलं होतं. आईनं खाट उन्हाला लावली. मामंजी अंगणात उभे राहिले आणि माझ्या भावाला त्यांनी विचारलं, "हितं पाऊस एवढाच व्हय?" भाऊ म्हणाला, "एवढाच आप्पा. ह्यो बी कंदी येतो, कंदी येत न्हाय." मामंजींनी मान हलवली आणि मिटल्या तोंडानं ते पाण्याच्या हंड्यापाशी हात धुवायला गेले.

रत्ना वाचली. पटकन नव्हे. दोन वर्षं ती उन्हाबरोबर खाट सरकवत पडून होती. मग हळूहळू बसू लागली, चालू लागली, आईच्या हाताखाली कामाला लागली. लग्न तिचं पुढं झालं नाही. ते तिनंही मनावर घेतलं नाही. मास्तरांनी शिकवलेलं वाचन तिनं बोरगावातल्या पोरींना शिकवलं.

मामंजी तिला भेटायला जात. खोऱ्यातले फणस, नारळ, आंबेमोहोर तांदूळ घेऊन जात, तिथं दोन दिवस राहत आणि परत येत. तिला मात्र त्यांनी परत आणलं नाही. मी तिथं असताना एकदा त्यांचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"आप्पा, औंदा दिवाळीला येऊ? आता पाऊसबी न्हाय."

"नगं."

"बरी हाय की मी आता."

"म्हणूनच नगं."

रत्ना हसली आणि विहिरीकडं गेली. तिथं ती बराच वेळ राहिली. मी मामंजींना म्हटलं की दिवाळीत आपल्याकडं किती छान हवा असते, चार दिवसांनी काय होतंय. आणि हे मी मनापासून म्हटलं. कारण त्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. पाऊस सोडला तर त्या खोऱ्यातल्यासारखी हवा मी कुठं बघितली नाही. मामंजी म्हणाले, "सूनबाई, आता तू नगं सांगूस मला."

पडलेली भिंत आम्ही पुन्हा बांधली, पण त्या खोल्यांत कुणी पाहुणा राहिला नाही. मामंजींनी तिथं भाताची पोती रचली. फलाटावर जाणं त्यांनी सोडून दिलं. इंजिन पाणी घेत असे आणि ते अडतीच्या आतल्या बाजूला पाठ करून बसत. एकदा जुन्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या खोकणाऱ्या पुतण्याला घेऊन दारात आले. आप्पांच्या हवेची कीर्ती ऐकून बरेच लांबून आले होते. मामंजींनी दोघांना पोटभर जेवू घातलं, पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि परतीच्या गाडीत नेऊन बसवलं. "हितली हवा तुमाला मानवायची न्हाय," असं म्हणाले. घरी येऊन देवघरासमोर बसले ते रात्रीपर्यंत उठले नाहीत. मला त्यांच्याशी भांडायची सवय होती. भांडण मी जिंकले होते आणि त्यात मला काडीचंही सुख नव्हतं.

गाव त्यांना शेवटपर्यंत हवेचे आप्पाच म्हणत राहिलं. नव्या पोरांना नावाचं कारण माहीत नव्हतं. ती म्हणायची, आप्पा कुणाशी बोलत नाहीत, हवेत असतात.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. छाती भरली होती. श्रावणाची झड, घरभर ओल, पश्चिमेच्या तट्ट्यांवर पाऊस सारखा वाजत होता. दोन दिवस ते शुद्धीत येत-जात होते. शुद्धीवर आले की मला म्हणत, "रत्नाला कळवू नगंस. पाऊस हाय." मी हो म्हणत होते. आणि पहिल्याच दिवशी मी माणूस पाठवला होता, कारण बाप जाताना लेकीला न कळवणं मला जमणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भावाबरोबर रत्ना आली. केस पांढरे व्हायला लागलेली, अंगानं बारीक पण ताठ. वीस वर्षांनी ती त्या उंबऱ्यात पाय ठेवत होती. भिजलेलं लुगडं बदलायलाही थांबली नाही, सरळ त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "आप्पा," ती म्हणाली, "मी आलेय."

मामंजींनी डोळे उघडले. आधी त्यांना ओळख पटली नाही, मग पटली, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते आनंद नव्हता. भीती होती. "कुणी आणली हिला?" त्यांनी विचारलं.  पाण्याची वाटी धरायचंही त्राण नसलेला हात त्यांनी उचलला, चाचपडत तिच्या खांद्यावरचा पदर धरला आणि ओढून तिच्या नाकातोंडावर दाबला.

"हितं श्वास घेऊ नगंस, पोरी," ते म्हणाले. "जा माघारी."

रत्ना गेली नाही. त्यांचा हात खाली पडला तेव्हा तिनं तो पदर आपल्या हातानं तसाच तोंडावर धरून ठेवला, म्हणजे त्यांना दिसावं. ते तिच्याकडं बघत होते. मधूनच त्यांची नजर पदर नीट आहे ना ते तपासायची. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास ते गेले. मी रत्नाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आता सोड गं. तिनं मान हलवली, पण पदर काढला नाही.